हॅव मॅडम

"टू कोणी म्हणलं?"

डाव्या कानावरचा हेडफोन बाजूला सारून, उजवा तसाच ठेवून मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि सगळ्या हॉलकडे बघत हा प्रश्न विचारायच्या. हॉलमध्ये त्या वेळी पन्नास-साठ पोरंपोरी फोनवर बोलत असायची. प्रत्येकाला वाटायचं, आपणच म्हटलं असेल. खरं तर मॅडम ऐकत असायच्या ते कालचं रेकॉर्डिंग. म्हणणारा कदाचित आज सुट्टीवरही असायचा. पण मॅडमच्या कानात तो आत्ता बोललेला असायचा आणि त्याला आत्ताच दुरुस्त करणं भाग असायचं.

आमचं ऑफिस शहरातल्या सदर भागात, चपलांच्या एका मोठ्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. आरोग्य विम्याची हेल्पलाइन. फोन सगळ्या देशातून यायचे. जिथे हिंदी चालत नाही तिथले लोक इंग्रजीत बोलायचे, आणि त्यांना उत्तरं द्यायची आमची पोरं उमरेड, काटोल, पारशिवनी, नरखेड इथून आलेली. मी त्या हॉलची सुपरवायझर. मॅडमचं काम म्हणजे रेकॉर्ड झालेले फोन ऐकायचे आणि बोलणाऱ्याच्या भाषेला गुण द्यायचे. वय साठीच्या अलीकडचं. केसांचा छोटा अंबाडा, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं हॅव मॅडम.

तुम्हीही ऐकलं असेल, आपल्याकडचा माणूस इंग्रजी बोलायला लागला की हमखास म्हणतो, "आय हॅव टोल्ड टू हिम." बँकेत, शाळेत, रेल्वेच्या खिडकीवर, सगळीकडे. आपल्याला त्यात काही खटकत नाही. मॅडमना मात्र तो 'टू' दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागायचा.

"इकडे या सगळे," म्हणून त्या दुपारच्या सुट्टीत नव्या पोरांना गोळा करायच्या. "त्याले सांगतलं, असं म्हणतो नं आपण? तो जो 'ले' आहे नं आपला, तो तुमच्या इंग्रजीत घुसून राहिला. तुम्ही त्याचा टू करता. अरे, हिम म्हणजेच त्याले. त्यात 'ले' हायच. मंग पुन्हा टू कायले लावता? हे त्याले-ले सांगतलं म्हटल्यासारखं होते."

पोरं हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायची.

दुसरा धडा 'हॅव'चा. मॅडम विणकराच्या घरातल्या. वडिलांचा हातमाग होता, लहानपणी त्यांनी स्वतः सुताच्या कांड्या भरलेल्या. त्या सांगायच्या, "लुगडं मागावर असन, तर विणून राहिलो म्हणायचं. चार बोटं राहिलं असन, तरी विणून राहिलोच म्हणायचं. कापून खाली उतरलं, घडी झाली, की मंग हॅव. काम झालं नसन तर हॅव लावायचा नाही. समजलं?"

"समजलं मॅडम. वुई हॅव अंडरस्टुड यू," असं कोणीतरी मागून म्हणायचं.

"नाही समजलं तुम्हाले," मॅडम म्हणायच्या आणि डबा उघडायच्या.

त्या सतत थकलेल्या दिसायच्या. सकाळी शहर बसमधून उतरून जिने चढून आल्या की खुर्चीत बसून पाच मिनिटं नुसत्या श्वास घेत राहायच्या. मग चपला काढून पाय टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायच्या. थंडीत तो डबा कोमट असतो, तेवढीच पायांना ऊब. आधी त्यांनी एका मराठी शाळेत पुष्कळ वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. ती शाळा बंद पडली. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "मी पोराईले इंग्रजी शिकवलं. त्याईनं आपली पोरं इंग्रजी शाळेत घातली. मंग माझ्या शाळेत कोण येईन?" एवढं बोलून त्यांनी डब्यातली पोळी मोडली. त्यात तक्रार नव्हती. आज बस उशिरा आली, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या.

त्यांना मनापासून हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. एकदा आमच्याकडचा विशाल नावाचा मुलगा लग्न करून पेढे घेऊन आला. मॅडमच्या टेबलाशी येऊन ऐटीत म्हणाला, "मॅडम, आय हॅव मॅरीड विथ हर."

"विथ काढ. आय हॅव मॅरीड हर."

विशाल जरा विचारात पडला. म्हणाला, "पण मॅडम, विथ काढलं तर एकट्यानंच केल्यासारखं वाटते नं."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "विथ पुढं लागते रे बाबू. व्याकरणात नाही, घरी."

आता त्या फोनबद्दल सांगते.

आमच्याकडे सोनल नावाची एक मुलगी होती, पारशिवनीकडची. कष्टाळू, पण इंग्रजीला बिचकणारी. तिचा 'टू' काही केल्या जात नव्हता. मॅडम तिला सुट्टीत वेगळं बसवून सराव करून घ्यायच्या. टोल्ड हिम, टोल्ड हर, टोल्ड देम. जिना उतरतानाही ती तोंडातल्या तोंडात हेच पुटपुटायची.

एका सकाळी मॅडमनी तिचं आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. मी शेजारीच उभी होते. मॅडमच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला. त्यांनी मला खुणेने वाकायला सांगून हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली.

दक्षिणेतल्या कुठल्याशा गावाहून एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं, ती उपाशीपोटी हॉस्पिटलात बसली होती, आणि आमच्याकडून मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल तिला आत घेत नव्हतं. त्यांचा आवाज शांत होता, पण प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते. सोनलचा आवाज आला, स्वच्छ आणि गोड. "डोन्ट वरी सर. आय हॅव टोल्ड देम. दे हॅव सीन इट."

कुठे अडखळणं नाही, कुठे 'टू' नाही. म्हाताऱ्याने सुटल्यासारखा श्वास घेतला, थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

"आलं नं शेवटी पोरीले," मी म्हटलं.

मॅडम 'हो' म्हणाल्या आणि म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं म्हणून त्यांनी त्या केसची नोंद उघडली. नोंदीत काहीच नव्हतं. सोनलने वरच्या मजल्यावरच्या मंजुरी विभागाला कळवलंच नव्हतं. कुणालाही सांगितलं नव्हतं, कुणीही काही पाहिलं नव्हतं. म्हातारा आणि त्याची उपाशी बायको काल सकाळपासून त्या एका वाक्यावर बसून राहिले असणार.

मॅडमनी सोनलला भाषेत शून्य गुण दिले.

सोनल रडत माझ्याकडे आली. "ताई, इतक्या दिवसात पहिल्यांदा मी बरोबर बोलली. एक चूक दाखवा म्हणा मॅडमले."

तिचंही खोटं नव्हतं. ते वाक्य तिने मनाने रचलेलं नव्हतंच. वरून आलेल्या छापील संवादात ते होतं. फोन करणारा घाबरलेला असेल तर असं म्हणा, म्हणजे तो शांत होतो आणि फोन लवकर संपतो. सगळेच म्हणायचे. वर कळवणं हे नंतर, सवड मिळेल तेव्हा करायचं काम होतं, आणि त्या दिवशी सोनलला सवड मिळाली नव्हती. एक फोन ठेवला की दुसरा.

मी मॅडमकडे गेले. "मॅडम, आपण भाषा तपासतो. वर कळवलं की नाही, हे आपलं काम नाही."

"मी भाषाच तपासून राहिली," मॅडम म्हणाल्या. "टोल्डच्या आधी हॅव आहे, नंतर देम आहे. म्हणजे कोणीतरी आहे ज्याले सांगतलं. तो देम कुठे आहे? दाखव मले."

फोन वाजत होते. मॅडमनी चपला घातल्या आणि त्या जिन्याकडे गेल्या. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील. त्या चौथ्या मजल्यावर गेल्या होत्या.

तिथे काय झालं ते मला नंतर तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं. मंजुऱ्या देणारे डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगा, समोर फाइलींचा ढीग, कपात गार झालेला चहा. मॅडम त्याच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्ही कोणत्या विभागाच्या?"

"मी खालच्या मजल्यावर भाषा तपासते."

"मग इथे?"

"एक वाक्य खरं करायचं आहे," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरने खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखायचे, हे मला माहीत होतं. तरी उभ्या राहिल्या. त्याने फाइल उघडली, एक तपासणी अहवाल कमी होता. हॉस्पिटलला फोन झाला, अहवाल आला, डॉक्टरने तो वाचला. जेवणाची सुट्टी होऊन गेल्यावर मॅडम खाली आल्या, तेव्हा हॉस्पिटलला मंजुरी पोचली होती. त्या तशाच सोनलच्या खुर्चीशी गेल्या, "उठ वं जरा," म्हणाल्या आणि तिच्या फोनवरून त्यांनी त्या गृहस्थांना फोन लावला.

सोनल आणि मी हेडफोनजवळ वाकून उभ्या होतो. मॅडमनी नाव सांगितलं, मंजुरी दिल्याचं सांगितलं. मग ते म्हातारे म्हणाले, "बट मॅडम, आय हॅव ब्रॉट हर होम."

रात्रभर बाकावर बसवून सकाळी त्यांनी बायकोला घरी नेलं होतं. ती आता परत जायला तयार नव्हती. आम्ही सांगितलं ते त्यांनी तिला सांगितलं होतं, आणि ते खोटं निघालं होतं.

मॅडमनी डोळे मिटले. त्या खूप हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सर, टेक हर बॅक. आय हॅव टोल्ड देम. आय हॅव सीन इट. मायसेल्फ, सर." ते मायसेल्फ तिथे बसत होतं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या घशातून ते आलं तसं आलं.

म्हातारे बघतो म्हणाले.

दोन-तीन दिवस सोनल मॅडमशी बोलत नव्हती. मॅडमही तिच्याशी बोलत नव्हत्या. सुट्टीतला सराव थांबला. मग एका दुपारी सोनल खुर्चीतून ओरडली, "मॅडम! ते आजोबा! फोनवर तुम्हाले बोलावून राहिले!"

मॅडम तिच्या टेबलाशी गेल्या. सोनलने दोघींना ऐकू येईल असा हेडफोन मधोमध धरला. मी मागून वाकले. म्हातारे म्हणाले, "दे हॅव ऑपरेटेड हर, मॅडम. शी इज ओके. शी हॅज आस्क्ड मी टू टेल यू."

मॅडम दोनदा थँक्यू म्हणाल्या. खरं तर थँक्यू म्हणायची पाळी त्यांची नव्हती. फोन ठेवल्यावर सोनल त्यांच्याकडे न बघता, पण जरा खोडकरपणे म्हणाली, "मॅडम, ऑपरेटेड ऑन हर पाह्यजे नं? ऑन राहिलं त्याईचं."

"राहू दे वं," मॅडम म्हणाल्या आणि सोनलच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या जागेवर गेल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण वरच्या मजल्यावर जाऊन कुणी डॉक्टरसमोर उभं राहिलं, ही बातमी त्याहून वर जायला वेळ लागत नाही. साहेबांनी मॅडमना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यालाही कुणीतरी झापलेलं होतं.

"मॅडम, आपका काम लँग्वेज का है. बस लँग्वेज," तो म्हणाला. "कस्टमर को फोन करना, ऊपर जाना, ये सब नहीं."

"पण साहेब, जे झालं नाही ते झालं म्हणून सांगायचं?"

"स्क्रिप्ट में है ना. ग्रामर तो सही है?"

"ग्रामर सही है," मॅडम म्हणाल्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, निदान पोरांना 'आय अ‍ॅम टेलिंग देम' म्हणू द्या, म्हणजे सांगून राहिलो, तेही खोटं होणार नाही. साहेबाने आठवडाभर करून बघायला परवानगी दिली. केलं. लोक विचारायला लागले, टेलिंग म्हणजे कधी? अजून सांगितलं नाही? कोणाला सांगताय? त्याचं नाव द्या. फोन लांबत गेले, रांग वाढली, पोरं रडकुंडीला आली. आठवड्याने छापील संवाद होता तसाच परत आला. सगळ्यात जास्त बरं वाटलं ते पोरांना.

त्यानंतर मॅडम भांडल्या नाहीत. मला वाटलं होतं, भांडतील, निदान नोकरी सोडते म्हणतील. एका दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, "आता मी टू पाहते. हॅव पाहत नाही."

"बरं केलं," मी म्हटलं. मला तेव्हा ते खरंच बरं वाटलं होतं.

तुम्ही कधी रोज त्याच माणसासमोर बसून काम केलं असेल तर तुम्हाला कळेल, माणूस बदलला की आवाजात नाही, हालचालीत कळतं. मॅडम आधीसारख्याच गुण द्यायच्या, 'टू' खोडायच्या. पण ऐकता ऐकता मध्येच हेडफोन दोन्ही कानांवरून काढून मांडीवर ठेवायच्या, खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे क्षणभर बघायच्या आणि पुन्हा चढवायच्या. कुठलं वाक्य आलं असेल, ते मला न ऐकताही कळायचं.

मग एकदा त्या सलग काही दिवस आल्याच नाहीत. फोन उचलत नव्हत्या. रविवारी मी पत्ता विचारत तांडापेठेत त्यांच्या घरी गेले. अरुंद गल्ली, दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. मॅडमनी दार उघडलं. घरात त्या ऑफिसपेक्षा दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या.

"ये वं. काहून आली एवढ्या उन्हात?"

पलंगावर त्यांचे यजमान बसले होते. उंच, हाडापेराने मोठा माणूस, स्वच्छ दाढी केलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. पूर्वी ते मिलमध्ये होते. त्यांनी मला नीट नमस्कार केला, कुठून आलीस विचारलं, पाणी दे म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा नमस्कार केला, पुन्हा कुठून आलीस विचारलं. मॅडमनी मला कधीच यातलं काही सांगितलं नव्हतं. दिवसा शेजारची एक बाई त्यांच्याजवळ बसायची, ती गावाला गेली होती, म्हणून मॅडम घरी होत्या.

चहा झाला. यजमान एकाएकी उठून दाराकडे निघाले. चपलेत पाय घालू लागले.

"कुठे निघाले?" मॅडमनी विचारलं.

"लहान्याकडे जाऊन येतो. लय दिवस झाले. तू त्याले सांगतलं का वं, मी येऊन राहिलो म्हणून?"

"सांगतलं नं. सकाळीच सांगतलं त्याले."

"काय म्हणला?"

"तुम्ही नका येऊ म्हणला, ऊन आहे. मीच येतो म्हणला. सांजच्या वेळी."

"जेवाले येते का?"

"हो. भरीत करायले सांगतलं त्यानं."

यजमानांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि पलंगावर आडवे झाले. थोड्या वेळात त्यांचा डोळा लागला.

मॅडमनी मला ओसरीत नेलं. दार ओढून घेतलं.

"लहान्या म्हणजे याईचा लहाना भाऊ," त्या म्हणाल्या. "कोरोनात गेला. याईले दवाखान्यात जाऊ दिलं नाही, शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. त्याच्यानंतर हळूहळू हे असं सुरू झालं."

मी ओसरीच्या पायरीवर बसले.

"पहिले मी खरं सांगत होती. मले तर खोटं जमतच नव्हतं. त्याईनं विचारलं का, मी सांगायची, अहो, तो गेला. मंग हे ऐकायचे, जसं काही पहिल्यांदाच ऐकून राहिले. भिंतीवर डोकं आपटायचे. लहान्या, लहान्या करत रडायचे. दोन घंट्यानं विसरायचे. सांजेले पुन्हा विचारायचे. मी पुन्हा सांगायची. पुन्हा तेच." त्या ओसरीच्या खांबाला टेकल्या. "रोज नव्यानं मरत होता तो पोरगा, आन् मारून मी राहिली होती. एक दिवस तोंडातून निघून गेलं, सांगतलं त्याले, येतो म्हणला. शांत झोपले त्या दिवशी. तेव्हापासून हेच आहे."

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. तो पुढे जाईपर्यंत त्या थांबल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोनलले मी शून्य दिलं."

"ते वेगळं होतं मॅडम."

"वेगळं होतं. त्या म्हाताऱ्याले पुढचं पाऊल टाकायचं होतं. बायकोले कुठं न्यायचं, थांबायचं का नाही, हे त्याले ठरवायचं होतं. याईले काही ठरवायचं नाही आता." मग त्या म्हणाल्या, "असं मी मले समजावते. समजते कधी. कधी नाही समजत."

त्या सोनलबद्दल आणखी काही बोलल्या नाहीत. मला परत निघताना त्यांनी घरच्या पापडांची पुडी दिली. आतून यजमानांचा आवाज आला, "कोण आलं होतं वं?" मॅडम म्हणाल्या, "ऑफिसची पोरगी. गेली." मी अजून उंबऱ्यातच होते.

शेजारची बाई परत आली आणि मॅडमही ऑफिसात परत आल्या. पण फार दिवस नाही. यजमान एकदा दार उघडून एकटेच बाहेर पडले आणि पार रेल्वे फाटकापाशी सापडले. लहान्याला आणायला निघाले होते. त्यानंतर मॅडमनी राजीनामा दिला. उमरेडला माहेरी भाच्याचं मोठं घर होतं, अंगणाला फाटक होतं, माणसं होती. तिकडे जाऊन राहायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी निरोप-बिरोप नको म्हणाल्या. तरी सोनल आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, आता टू कोण काढंन आमचा?" मॅडम म्हणाल्या, "मशीन काढंन म्हणतात पुढच्या महिन्यापासून." तसंच झालं. आता आमची रेकॉर्डिंगं एक प्रणाली ऐकते. ती 'टू' अचूक पकडते, रागवत नाही, थकत नाही. सोनलला तिच्याकडून नेहमी पूर्ण गुण मिळतात. पण फोन संपला की सोनल आधी वरच्या मजल्याला कळवते आणि मगच पुढचा फोन घेते. त्यामुळे तिची रांग नेहमी सगळ्यात लांब असते, आणि त्यावरून मला दर महिन्याला ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकून घेते.

मॅडम मला त्यानंतर एकदाच दिसल्या. मी एका नातेवाइकाला सोडायला बसस्टँडवर गेले होते. उमरेडची एसटी फलाटावर लागलेली होती, इंजिन सुरू होतं. खिडकीत मॅडम होत्या. शेजारी यजमान, मॅडमच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेले. एवढा मोठा माणूस, पण सगळं वजन त्या बारीक खांद्यावर. मॅडम एका बाजूला कलल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने समोरचा दांडा धरून त्यांनी स्वतःला सावरलं होतं.

त्यांनी मला पाहिलं. मी खिडकीशी जाऊन हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. यजमान जागे होतील म्हणून. मी तिथेच उभी राहिले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो, मध्ये इंजिनाचा आवाज आणि संत्री विकणाऱ्या बाईची टोपली.

बस हलली. धक्क्याने यजमानांची मान घसरली. मॅडमनी दांडा सोडला, तळहात त्यांच्या गालाखाली घातला आणि मान पुन्हा खांद्यावर नीट टेकवली. मग बस वळली.